रोबोटनं प्रोस्टेटची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना एका टूलमेकरचं खुलं पत्र

महाराष्ट्रात रोबोटच्या साहाय्यानं प्रोस्टेट कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्व युरॉलॉजिस्ट डॉक्टरांस,

सप्रेम नमस्कार.

मी ६६ वर्षांचा निवृत्त टूलमेकर, म्हणजे कारखान्याला लागणारे साचे आणि मोजमापाची साधनं बनवणारा कारागीर. भोसरीच्या एमआयडीसीत ३४ वर्षं टूलरूममध्ये काढली. डाय, जिग, फिक्श्चर, गेज यांच्यातच हयात गेली. मार्च २०२३ मध्ये माझं प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, रोबोटनं काढलं. कॅन्सर गेला. दर सहा महिन्यांनी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, करतो आणि रिपोर्टवर दर वेळी ०.०१ पेक्षा कमी असंच छापून येतं. ज्या डॉक्टरांनी मला हात लावला त्यांचे उपकार मी विसरणार नाही, आणि त्यांच्याविषयी वाईट लिहायला मी बसलेलो नाही. पण शस्त्रक्रियेआधी मी त्यांना एकच प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मिळालं नाही, आणि ते तेव्हापासून मनात ठसठसतंय.

माझा पीएसए ९.२ आला होता. एमआरआय झाला, बायोप्सी झाली, ग्लीसन, म्हणजे कॅन्सर किती उग्र याचा गुण, ३+४ निघाला. शुगर नाही, हार्ट ठीक, म्हणून शस्त्रक्रिया करायचं ठरलं. रुग्णालयातल्या काउन्सेलर ताईंनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यात रोबोटचे हात एका द्राक्षाची साल सोलतात आणि पुन्हा शिवतात. "बघा काका, किती नाजूक काम आहे. तिसऱ्या दिवशी घरी." मग डॉक्टर आले. मी विचारलं, "साहेब, आपण स्वतः अशा किती केल्यात?" ते म्हणाले, "आमच्या सेंटरला भरपूर अनुभव आहे, आणि मशीन एकदम लेटेस्ट आहे." मी गप्प बसलो. डॉक्टरांना असं खोदून विचारणं म्हणजे त्यांचा अवमान, अशीच आमच्या पिढीची समजूत. आदल्या रात्री इंग्रजीतल्या सात पानांवर सह्या केल्या आणि झोपलो.

कारखान्यात हे उत्तर चाललं नसतं. नवीन जपानी मशीन आलं की आम्हीही हरखून जायचो, नारळ फोडायचो, पेढे वाटायचो. पण गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर यायचा तो मशीनचं मॉडेल विचारायला नाही. तो जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा आणि रिपोर्ट मागायचा. शंभरातले किती पास, किती रिवर्क, किती रिजेक्ट. एकाच मशीनवर दोन ऑपरेटर दोन तऱ्हेचे जॉब काढतात, हे पहिल्या वर्षाच्या अप्रेंटिसलाही ठाऊक असतं.

हे पत्र पेशंटही वाचतील, म्हणून हा रोबोट नेमका काय आहे ते माझ्या भाषेत सांगतो. मला वाटलं होतं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनसारखं काही असेल. प्रोग्रॅम टाकला, सायकल स्टार्ट दाबलं, झालं. तसं अजिबात नाही. यात प्रोग्रॅमच नसतो. सर्जन पेशंटपासून चार पावलांवर कन्सोलमध्ये, म्हणजे रोबोट चालवायच्या पेटीत, डोकं घालून बसतात, बोटं कड्यांत अडकवतात, आणि ते हात जसा हलवतील तसंच पोटातलं अवजार हलतं. त्यांनी हात थांबवला की तेही थांबतं. टूलरूममधल्या जुन्या मंडळींना पॅन्टोग्राफ मशीन आठवत असेल. इकडे मोठ्या अक्षरावरून सुई फिरवायची, तिकडे कटर तेच अक्षर बारीक करून डायवर कोरतो. रोबोट म्हणजे फार हुशार पॅन्टोग्राफ. सर्जनचा हात तीन सेंटिमीटर हलला तर आत एकच सेंटिमीटर हलेल, असं प्रमाण लावता येतं. हाताची थरथर गाळली जाते. अवजाराला मनगटासारखं वळण असतं. समोर दहापट मोठं आणि खोली दाखवणारं चित्र दिसतं. पेशंटला डोकं खाली, पाय वर असं तिरकं झोपवतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि पाच-सहा छिद्रांतून सगळं काम चालतं. वायूच्या दाबामुळे बारीक शिरांतून रक्तही कमी वाहतं. कारागीर म्हणून मी या यंत्राला हात जोडतो.

पण कारागिराच्या नजरेला त्यातली एक उणीवही दिसते. आटे पाडायचा टॅप फिरवताना तो मोडायच्या आधी बोटांना कळतं. धातूचा जोर हाताला लागतो. रोबोटच्या कन्सोलवर हा जोर वर्षानुवर्षं हाताला लागतच नव्हता. ऊती किती ताणली गेली, टाका किती आवळला, हे सर्जनला चित्रात बघून ओळखावं लागायचं. २०२४ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या दा विंची ५ या रोबोटमध्ये जोर जाणवणारी अवजारं आली. त्याआधीच्या दा विंची यंत्रांत ती सोय नव्हती. डोळ्यानं जोर ओळखायचा तर एकच उपाय, सराव. तोही पाच-पन्नासाचा पुरत नाही.

आणि ही शस्त्रक्रिया आहे कुठली? अक्रोडाएवढी ग्रंथी, मूत्राशयाच्या बुडाशी. तिच्या पोटातून लघवीची नळी जाते. ग्रंथी काढली की नळीचा तो तुकडाही जातो, मग मूत्राशय खाली ओढून उरलेल्या नळीला टाक्यांनी जोडायचं. लघवी अडवणारे व्हॉल्व्ह मुळात दोन. वरचा बहुतेक ग्रंथीबरोबरच जातो, खालच्यावर सगळा भार येतो. आणि ग्रंथीच्या दोन्ही अंगांना चिकटून त्या बारीक नसा, म्हणजे मज्जातंतू, ज्यांच्यामुळे पुरुषाला ताठरता येते. म्हणजे एका बाजूला कॅन्सर मागे राहता कामा नये आणि दुसऱ्या बाजूला नसेला आणि व्हॉल्व्हला धक्का लागता कामा नये. एवढ्या कमी टॉलरन्सचा, म्हणजे चुकीला एवढी कमी जागा असलेला जॉब मी आयुष्यात केला नाही.

या शस्त्रक्रियेचा इतिहास मुलीनं मला वाचून दाखवला. ती बी.फार्म. आहे. इंग्रजी लेख वाचते आणि मराठीत समजावते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९०४ साली ह्यू हॅम्प्टन यंग यांनी कॅन्सरसाठी अख्खं प्रोस्टेट काढलं. पुढची पाऊणशे वर्षं ही शस्त्रक्रिया झालेला जवळजवळ प्रत्येक पुरुष नपुंसक होत असे, कारण त्या नसा नेमक्या कुठून जातात हेच कुणाला नीट माहीत नव्हतं. १९८१ मध्ये त्याच हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श हॉलंडमधल्या लायडनला गेले. तिथं पीटर डॉन्कर नावाच्या निवृत्त प्राध्यापकांबरोबर मृत अर्भकाच्या शरीरात त्यांनी त्या नसांचा माग काढला, आणि पुढच्या वर्षी त्या जाणूनबुजून वाचवणारी पहिली शस्त्रक्रिया केली. तेव्हा रोबोट नव्हता. होती ती नजर आणि कुठं कापायचं नाही याचं ज्ञान. रोबोट आला २००० च्या सुमारास. त्याचा सुरुवातीचा मोठा कार्यक्रम डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात उभा राहिला, तो मणी मेनन यांच्या हाताखाली. ते पाँडिचेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेत शिकलेले. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आता माझी हकिगत.

नवव्या दिवशी लघवीसाठी बसवलेली रबरी नळी काढली. तपासणीच्या टेबलावरून उतरलो आणि उभा राहताक्षणी लघवी मांडीवरून वाहत चपलेत गेली. मला कळलंसुद्धा नाही. खाली ओलं बघितलं तेव्हा कळलं. सिस्टर म्हणाल्या, "होतं असं काका, पॅड लावा." रुग्णालयाच्या खालच्या मेडिकलमध्ये गेलो. त्यानं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली. ही दुकानात जायची तेव्हा मी बाहेर स्कूटरजवळ उभा राहायचो. ती काळी पिशवी हातात घेऊन रिक्षात बसलो तेव्हा पहिल्यांदा समजलं की त्या पिशवीत काय काय दडवलेलं असतं.

घरी आल्यावर पहिले आठ दिवस मी कुणाशी बोललो नाही. खोकलो की ओलं, खुर्चीतून उठलो की ओलं, नातवाला उचललं की ओलं. रात्री आडवा झालो की बरं. उभं राहिलं की नळ सुटायचा. मग मला जे येतं ते मी केलं. मोजायला लागलो. ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणला, कोऱ्या पॅडचं वजन लिहून ठेवलं, आणि दिवसभरातल्या प्रत्येक पॅडचं वजन करून फरक मांडायला लागलो. शंभर पानी वही केली. डावीकडे तारीख, मग पॅड किती, ग्रॅम किती, शेरा. पहिल्या दिवसाची नोंद ६१० ग्रॅम. महिन्यानं ३४०.

दुसऱ्या महिन्यात मुलीनं एक फिजिओथेरपिस्ट बाई शोधून काढली. तिनं पहिलाच प्रश्न केला, "ऑपरेशनच्या आधी तुम्हाला व्यायाम कुणी शिकवले नाहीत?" नाही शिकवले. मग तिनं शिकवलं. चारचौघांत वायू अडवताना जे स्नायू आत ओढून घेतो, तेच ओढायचे, धरायचे, सोडायचे. पोट आवळायचं नाही, मांड्या सैल. उठायच्या आधी ओढायचं, खोकायच्या आधी ओढायचं. उरलेल्या एका व्हॉल्व्हला दोघांचं काम शिकवायचं, एवढीच गोष्ट. पैसे जवळजवळ लागत नाहीत, यंत्र लागत नाही. शस्त्रक्रियेच्या चार आठवडे आधी हे सुरू केलं असतं, तर नळी निघाली त्या दिवशी मला ते स्नायू सापडले तरी असते.

त्या वर्षी जूनमध्ये माउलींची पालखी आली. मी दरवर्षी पुण्यापासून सासवडपर्यंत चालतो, दिवे घाट चढतो. बावीस वर्षांत चुकलं नव्हतं. वहीत त्या आठवड्याची सरासरी १९० ग्रॅम आहे. घाटात माणसाला माणूस खेटून चालतं, पॅड बदलायला जागा कुठली. हडपसरला रस्त्याच्या कडेला उभा राहून दिंड्या बघितल्या आणि परत आलो. त्या दिवसाच्या शेऱ्यात मी काहीच लिहिलेलं नाही. पुढच्या वर्षी चाललो, पिशवीत दोन पॅड ठेवून, एक लागलं.

सहाव्या महिन्यात ७० ग्रॅम. अकराव्या महिन्यात ८. आज कोरडाच असतो, जोरात शिंक आली तर थेंब. म्हणजे माझं बरं झालं. पण ते अकरा महिने मी असा समज करून काढले की माझ्याच बाबतीत काहीतरी बिघडलंय, आणि तो समज मला शस्त्रक्रियेआधीच्या दहा मिनिटांच्या बोलण्यानं टाळता आला असता.

कारण हे आकडे जगात आहेत. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला, प्रोटेक्ट नावाचा. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी तीन गटांत केली: शस्त्रक्रिया, रेडिएशन, आणि नुसती नियमित देखरेख. शस्त्रक्रियेच्या गटात सहा महिन्यांनी ४६ टक्के लोक पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. तिथल्या बहुतेक शस्त्रक्रिया पोट उघडून केलेल्या होत्या हे खरं. पण मग रोबोटनं हा आकडा पार बदलतो का? त्याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये शोधलं गेलं. ३२६ पुरुष, अर्ध्यांना ओपन, म्हणजे पोट उघडून, अर्ध्यांना रोबोट. रोबोटच्या गटात रक्त ओपनच्या एक तृतीयांशच गेलं, रुग्णालयातला मुक्कामही अर्ध्यावर आला. पण लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता? बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक नाही, दोन वर्षांनीही नाही. ओपन करणारे सर्जन दीड हजारांहून जास्त शस्त्रक्रियांचा अनुभव असलेले होते. रोबोटवाले त्या मानानं नवे, तरी त्यांच्या हाताखालून दोनशेवर गेलेल्या. म्हणजे यंत्रानं तरुण हाताला जुन्या जाणत्या हाताच्या बरोबरीला आणलं, असंही कुणी म्हणेल, आणि मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पण तो दोनशेचा आकडा तेवढा कुणी विसरू नये.

हाताचा फरक किती पडतो, हेही मोजलेलं आहे. २००७ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात ओपन शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांचा हिशेब मांडला. ज्यांनी आधी दहाच केल्या होत्या, त्यांच्या पेशंटमध्ये पाच वर्षांत कॅन्सर परतण्याची शक्यता १७.९ टक्के, ज्यांनी अडीचशे केल्या होत्या, त्यांच्याकडे १०.७. सुधारणेचा आलेख अडीचशेच्या आसपास जाऊन सपाट व्हायला लागला. मुलीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मी तिला पुन्हा वाचायला सांगितलं. रुग्णालयानं मला रोबोटच्या कॅमेऱ्यात किती पट मोठं दिसतं ते सांगितलं होतं. हे सांगितलं नव्हतं.

इंग्लंडमध्ये २०१४ साली तिथल्या सरकारी मार्गदर्शक संस्थेनं लिहून टाकलं की प्रोस्टेटसाठी रोबोट द्यायचा तो वर्षाला किमान १५० शस्त्रक्रिया होतील अशा केंद्रांनाच. त्यामागे खर्चाचा हिशेब होता, पण त्यात सराव आपोआप आला. तिथं प्रोस्टेट कॅन्सरचं राष्ट्रीय ऑडिट होतं आणि रुग्णालयवार निकाल जाहीर होतात. कुणीही उघडून बघावेत. आपल्याकडच्या चौकाचौकांतल्या फलकांवर मी रोबोटचा फोटो बघितला, डॉक्टरांचा बघितला, अत्याधुनिक हा शब्द वाचला. निकालाचा आकडा मला एकाही फलकावर दिसला नाही.

मोजणं आपल्या रक्तात नाही असं कुणी म्हणू नये. मुंबईची कॅन्सर नोंदणी साठच्या दशकात सुरू झालेली आहे. बार्शीला १९८७ पासून गावोगाव फिरून कॅन्सरच्या पेशंटची नोंद ठेवतात. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. खेड्यातल्या माणसाच्या दारात जाऊन ज्या महाराष्ट्रात हिशेब ठेवला जातो, तिथं वातानुकूलित ऑपरेशन थिएटरमधला हिशेब ठेवणं अवघड कसं असेल?

आता जे लिहायला जड जातंय ते लिहितो. शस्त्रक्रियेनंतर वीर्य येत नाही. वीर्याच्या पिशव्या ग्रंथीबरोबरच काढतात, त्यामुळे हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं, त्यात कमी-जास्त असा प्रकार नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ताठरता परत यायला दीड-दोन वर्षंही लागू शकतात, गोळ्या आहेत, पंप आहे, इंजेक्शन आहे, आणि काहींच्या बाबतीत ती परत येतच नाही, हेही नाही. मी स्वतः विचारायला धजलो नाही, आणि डॉक्टरांना वाटलं असेल की या वयाच्या माणसाला काय त्याचं. हिला तर एकाही भेटीत आत बोलावलं नाही; ती बाहेर बाकावर फाइल धरून बसलेली. आम्ही दोघं एका खोलीत राहतो, डॉक्टर. जे माझ्या शरीरातून जाणार होतं ते तिच्याही संसारातलं होतं. दोघांना समोर बसवून, दार लावून, स्पष्ट शब्दांत सांगा. आम्ही लाजू, खाली बघू. तरी सांगा.

माझ्या शेजारच्या खाटेवर ७१ वर्षांचे एक गृहस्थ होते, बँकेतून निवृत्त. त्यांचा ग्लीसन ३+३, पीएसए ६ च्या आसपास. म्हणजे सगळ्यांत मवाळ जातीचा कॅन्सर. अशा पेशंटला आधी नुसतं देखरेखीखाली ठेवावं, ठरावीक काळानं पीएसए, एमआरआय, पुन्हा बायोप्सी करावी आणि वाढतोय असं दिसलं तरच हात घालावा, हा आज जगभर मान्य झालेला मार्ग आहे. त्यांना मी विचारलं तर म्हणाले, "कशाला घोर ठेवायचा डोक्याला? रोबोट आहे ना, काढून टाकू म्हणाले." प्रोटेक्टचा पंधरा वर्षांचा निकाल २०२३ मध्ये आला. १६४३ पैकी प्रोस्टेट कॅन्सरनं गेले ४५ जण, तिन्ही गटांत जवळजवळ सारखेच. देखरेखीच्या गटात कॅन्सर इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र दुप्पट होतं, ९.४ टक्के, म्हणजे निवड सोपी आहे असं नाही. पण निवड आहे. रोबोटमुळे शस्त्रक्रिया सोपी झाली म्हणून ती गरजेची झाली असं होत नाही. त्या गृहस्थांचा मला अजूनही फोन येतो. ते अजून पॅड लावतात.

पैशाचं थोडक्यात लिहितो. माझ्या अंदाजपत्रकात रोबोटचे म्हणून १ लाख ६० हजार वेगळे होते. विमा नियामकानं २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रिया पॉलिसीतून वगळता येणार नाही असं ठरवलं, पण त्यावर मर्यादा घालायची मुभा ठेवली. माझ्या पॉलिसीत ती मर्यादा होती, हे मला डिस्चार्जच्या दिवशी कळलं. या रोबोटची अवजारं ठरावीक वेळाच वापरता येतात, आत मोजणी असते, आकडा भरला की यंत्र ते अवजार घेतच नाही. टूल लाइफ आम्हालाही समजतं. तेवढं भरतीच्या वेळी कागदावर मांडून दाखवलं असतं, तर शेवटच्या दिवशी मुलाला धावपळ करावी लागली नसती.

अजून एक. कन्सोलवर कोण बसणार आहे, हे पेशंटला सांगा. दोन कन्सोलची सोय असते, शिकणारे डॉक्टर काही भाग करतात, हे मला नंतर कळलं. माझा त्याला विरोध नाही. मी स्वतः चाळीसेक अप्रेंटिस घडवले. पोरगं जॉबला हात लावल्याशिवाय शिकत नाही. पण मी त्याच्या खांद्याशी उभा असायचो, आणि फिनिशिंग कट त्याच्याकडे कधी सोपवायचा ते मी ठरवायचो. तुम्हीही तेच करत असाल. तर मग सांगायला काय हरकत आहे? "हा भाग माझे सहकारी करतील, मी शेजारी असेन, नसा आणि जोडणी मी करीन," इतकं एक वाक्य. मी आनंदानं सही केली असती.

तर मागणी अशी आहे. पहिल्या भेटीत पेशंटच्या हातात मराठीतला एक कागद द्या, तुमच्या सहीचा. त्यात तुमच्या स्वतःच्या हातच्या शस्त्रक्रिया किती, गेल्या वर्षात किती, कितींच्या काढलेल्या ग्रंथीच्या कडेपर्यंत कॅन्सर सापडला, तीन महिन्यांनी आणि वर्षानं किती जण कोरडे, आधी चांगली ताठरता असलेल्यांपैकी किती जणांना ती परत आली. सेंटरचा आकडा नको. तुमचा द्या.

आणि कोरडा कशाला म्हणता तेही लिहा. यावर मी अडून बसणार आहे, कारण सगळी गोम इथंच आहे. काही ठिकाणी दिवसाला एक पॅड लागणारा माणूसही कोरडा धरतात, खबरदारीचं पॅड म्हणून. काही ठिकाणी एकही पॅड नको. माझ्या वहीप्रमाणे एका पॅडवर मी सातव्या महिन्यात आलो आणि शून्यावर तेराव्यात. एका व्याख्येनं मी सातव्या महिन्यात पास झालो, दुसरीनं तेराव्या. ड्रॉइंगवर टॉलरन्स न लिहिता जॉब ओके आहे म्हणणाऱ्याला आम्ही टूलरूममध्ये उभं केलं नसतं.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आकडे जाहीर केले तर डॉक्टर अवघड केस घ्यायचंच बंद करतील, आणि नव्या सर्जनकडे कुणी फिरकणार नाही. ही भीती मला खरी वाटते. अवघड जॉब वेगळ्या रकान्यात दाखवायचा असतो: वय, वजन, ग्रंथीचा आकार, ग्लीसन, आधीची शस्त्रक्रिया. नव्या सर्जनानं सरळ सांगावं की ही माझी तिसावी आहे आणि माझे गुरू शेजारी बसणार आहेत. माझ्यासारखा माणूस त्या खरेपणावर विश्वास ठेवील. सेंटरचा भरपूर अनुभव ऐकून मात्र मनातली शंका तिथंच राहते आणि नळी निघाल्याच्या दिवशी ती बाहेर येते.

माझी वही मी वर्षाच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवली होती. त्यांनी चार पानं चाळली, "छान ठेवलीत हो," म्हणाले आणि परत दिली. मला वाटलं होतं ते ठेवून घेतील. तिच्या झेरॉक्स मी काढून ठेवल्या आहेत, पॅडचं कोरं वजन आणि काट्याचा फरक पहिल्या पानावर लिहिलेला आहे. ज्या डॉक्टरांना आपल्या पेशंटचा हिशेब सुरू करायचा असेल त्यांनी एक प्रत मागून घ्यावी. रकाने कसे पाडायचे ते सांगायला मी स्वतः येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलमेकर, भोसरी